आपलें चित्र आपल्या हातीं

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पटांगणांत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. नाटकांतील राजा, प्रधान, भालदार, चोपदार अशीं सर्व पात्रें तोंडावरील रंग पुसण्याच्या आधीं एका कोपऱ्यांत गोळा होतात. त्यांतील ज्याचा हात सर्वांत लांब तो मोबाइल वर धरतो, आणि क्षणार्धांत सर्वांचे चेहरे एका चौकटींत बंदिस्त होतात. जवळच खुर्च्यांवर बसलेली वडील मंडळी एकमेकांकडे पाहून मान हालवितात. "काय हें आत्मकौतुक! आमच्या वेळीं असें नव्हतें," हा त्यांचा अभिप्राय ठरलेला. या दोन पक्षांपैकीं कोणाची बाजू खरी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा थोडा शांतपणें विचार व्हावा, म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. स्वतःचें छायाचित्र स्वतः काढणें ही गोष्ट वाईट नाहीं. इतकेंच नव्हे, तर ती नेमानें, एकांतांत व प्रामाणिकपणें केली असतां ती एक कला होते व एक शिस्तहि होते. वाईट आहे ती तिच्यांतील घाई, आणि दुसऱ्याच्या शाबासकीसाठीं चाललेला तिचा पसारा.

प्रथम वडील मंडळींचा पक्ष पाहूं. कारण तो निराधार नाहीं. 'सेल्फी' हा शब्द २०१३ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका त्याचा प्रसार झाला होता. आणि त्या प्रसाराबरोबर अनर्थहि आले. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय लेखांत, २०११ पासून २०१७ पर्यंत वृत्तपत्रांतून नमूद झालेले अशा नादांतील २५९ मृत्यु मोजले गेले, आणि त्या यादींत आपला देश अग्रभागीं होता. २०१६ सालीं वांद्र्याच्या समुद्रकांठीं घडलेल्या एका दुर्घटनेनंतर मुंबईच्या पोलिसांना शहरांतील कित्येक जागा सेल्फीस वर्ज्य ठरवाव्या लागल्या. लाटेकडे पाठ करून आपल्याच मुखाकडे पाहणाऱ्यास लाट दिसत नाहीं, हें सांगावयास पंडित नको. याखेरीज वेळाचा अपव्यय आहे, आणि "मी कसा दिसतों?" या एकाच प्रश्नाभोंवतीं मन फिरत राहण्याची खोड आहे. हे सर्व आक्षेप आम्हांस मान्य आहेत. परंतु ते ज्या गोष्टीवर आहेत ती गोष्ट आणि आम्ही ज्या गोष्टीची बाजू घेत आहों ती गोष्ट, या दोन निरनिराळ्या आहेत.

हा प्रकार मोबाइलानें जन्मास घातला हा समज मात्र चुकीचा आहे. १८३९ सालीं दागेर यांच्या शोधाची हकीकत फ्रान्समधून जगभर पसरली. आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं रॉबर्ट कॉर्नेलियस नांवाच्या तिशींतील गृहस्थानें आपल्या घराण्याच्या दिव्यांच्या दुकानामागें कॅमेऱ्याची पेटी मांडली, भिंगावरील झांकण काढलें, लगबगीनें जाऊन समोर बसला, आणि कित्येक मिनिटें निश्चल राहिला. केंस विस्कटलेले, हात छातीवर, चौकटीच्या मध्यापासून थोडा बाजूस सरकलेला असा तो तरुण आजहि अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयांतील त्या तबकडीवरून आपल्याकडे पाहत आहे. मनुष्याच्या मुखाचीं जीं अगदीं आरंभींचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत त्यांत याची गणना होते, आणि तें त्यानें स्वतःचेंच काढलेलें आहे. यांत नवल तें काय? इतका वेळ स्तब्ध बसण्याची सक्ती मनुष्य प्रथम स्वतःवरच करूं शकतो.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८४० सालीं, फ्रान्समधील इप्पोलित बायार यानें स्वतःचें एक विलक्षण छायाचित्र काढलें. कागदावर छाया उमटविण्याची एक स्वतंत्र रीत त्यानें शोधली होती. परंतु सरकारनें सन्मान व तनखा दिला तो दागेर यांस. तेव्हां बायारनें डोळे मिटून, उघड्या अंगानें, पाण्यांत बुडून मेलेल्या मनुष्याचें सोंग घेतलें, तें चित्र काढलें, आणि त्याच्या पाठीवर आपल्या उपेक्षेची हकीकत उपरोधानें लिहून ठेविली. तो पुढें १८८७ पर्यंत जगला. तक्रार सांगण्यास दुसरें कोणी मिळालें नाहीं, तेव्हां आपल्या देहाचेंच त्यानें निवेदन केलें. यास आत्मकौतुक म्हणावें काय?

विद्यार्थिमित्रांच्या वयाचें उदाहरण हवें असल्यास रशियाच्या बादशहाची धाकटी कन्या आनास्तासिया हिचें घ्यावें. १९१४ सालीं, तेरा वर्षांची असतांना, तिनें खुर्चीवर कॅमेरा ठेवून आरशांतील आपलें प्रतिबिंब टिपलें, आणि कळविलें कीं हात कांपत असल्यामुळें तें काम फार अवघड गेलें. चारच वर्षांनीं ती आपल्या सर्व कुटुंबासह मारली गेली. राजवाड्यांत चित्रकार व छायाचित्रकार यांची वाण नसतांहि तिला हा खटाटोप स्वतः करावासा वाटला, हें विसरतां येत नाहीं.

आपल्या देशांतहि ही परंपरा जुनी आहे. मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. सामान्य जनांत मात्र फोटो काढविल्यानें आयुष्य घटतें अशी समजूत पुष्कळ दिवस होती. पुढें भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके यांचा बडोद्यांतील फोटोचा धंदा चालला नाहीं, त्याचें एक कारण हेंच सांगतात. अशा काळीं जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे, जे १८८० सालीं वारले, हे स्वतः कॅमेरा चालवीत आणि स्वतःचींहि चित्रें काढीत; त्यांतील एकांत ते राजचिन्हें बाजूस ठेवून शिवभक्ताच्या वेषांत बसलेले दिसतात. आणि चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंह शेरगिल (१८७०–१९५४) यांनीं तर पन्नासांहून अधिक वर्षें आपलीं छायाचित्रें स्वतः काढिलीं. संस्कृत व फारसीचे ते व्यासंगी होते. ग्रंथांत गढलेले, योगासनांत बसलेले, दीर्घ उपवासानंतर कृश झालेले, तरुण आणि वृद्ध, असे ते त्या चित्रांतून भेटतात. तीं चित्रें त्यांनीं पैशासाठीं काढिलीं नाहींत. त्यांच्या मागें त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम्, यांच्यामुळें तीं पुष्कळशीं लोकांपुढें आलीं.

येथवर इतरांच्या गोष्टी झाल्या. आतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. कारण या विषयावर आम्हीं लेखणी उचलली ती तिच्यामुळेंच.

आम्ही नववींत असतांना आमच्या डाव्या डोळ्याखालीं एक पांढरा ठिपका उमटला. वर्षभरांत तो गालावर उतरला, आणि त्याच्यासारखेच दुसरे डाग हनुवटीवर व ओंठांच्या कडेस दिसूं लागले. डॉक्टरांनीं तें कोड असल्याचें सांगितलें. त्वचेस रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळें हे डाग पडतात; ते स्पर्शानें दुसऱ्यास होत नाहींत, आणि कुष्ठरोगाशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं. परंतु हें ज्ञान बाकापर्यंत पोंचण्यापूर्वींच आमच्या शेजारची जागा रिकामी राहूं लागली होती. त्या वर्षीं वर्गाचा फोटो निघाला तेव्हां आम्ही आपण होऊन मागल्या रांगेंत, एका उंच मुलाच्या खांद्याआड उभे राहिलों.

पुढें दहावीच्या परीक्षेच्या अर्जासाठीं लहान आकाराचा फोटो हवा होता. बाजारांतील एका फोटोवाल्याकडे आईबरोबर जाऊन तो काढविला. दुसऱ्या दिवशीं पाकीट उघडून पाहतों तों आंत कोणी निराळाच मुलगा! संगणकावर बसून त्या गृहस्थांनीं आमचे सर्व डाग पुसून टाकिले होते, आणि या जादा कामाचे पैसेहि घेतले नाहींत. "बघ बाळ, कसा छान केला तुला," असें ते म्हणाले. त्यांनीं तें ममतेनेंच केलें, यांत आम्हांस शंका नाहीं. आईला तर इतका आनंद झाला कीं उरलेल्या प्रतींपैकीं एक तिनें पुष्कळ दिवस आपल्या उशाशीं ठेविली. आम्हांस मात्र त्या फोटोकडे पाहवेना, आणि कां पाहवत नाहीं हें तिला सांगतांहि येईना. परीक्षेच्या पहिल्या दिवशीं पर्यवेक्षकांनीं प्रवेशपत्रावरील फोटो व आमचें तोंड पुन्हांपुन्हां ताडून पाहिलें, आणि विचारलें, "हा तूंच का?" पंचवीस मुलें मान वळवून पाहत होतीं. आम्हीं होकार दिला. परंतु तो होकार पुरता खरा नव्हता.

त्या सुटींत मामाकडे एक जुना कॅमेरा पडून होता तो आम्हीं मागून आणिला. त्यांत छत्तीस चित्रांचा रोळ बसे, आणि कळ दाबल्यावर दहा सेकंदांनीं आपोआप चित्र टिपण्याची सोय होती. आम्हीं मनाशीं एक नेम केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं माळ्यावरच्या खिडकीशीं स्टूलावर बसून एकच चित्र काढावयाचें. हसावयाचें नाहीं, तोंडास कांहीं लावावयाचें नाहीं, आणि दुसरें चित्र त्या महिन्यांत काढावयाचें नाहीं. या हिशेबानें एक रोळ संपावयास तीन वर्षें लागलीं. तोंपर्यंत एकहि चित्र आम्हीं पाहिलें नव्हतें.

रोळ धुवून आणला, चित्रें तारखेच्या क्रमानें जमिनीवर मांडलीं, आणि एक गोष्ट ध्यानांत आली. पहिल्या चौदा चित्रांत खिडकी आमच्या उजव्या हातास होती; म्हणजे डाव्या गालावर सांवली पडून डाग दिसेनासा झाला होता. पंधराव्या चित्रांत स्टूल फिरलेलें होतें व उजेड डाव्या गालावर होता. पुढील सर्व चित्रांत तो तसाच राहिला. आपण चौदा महिने लपत होतों हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि लपणें केव्हां सोडलें हेंहि ठाऊक नव्हतें. त्या तीन वर्षांत डाग कमी झाले नाहींत, उलट वाढले. परंतु शेवटच्या चित्रांतील मुलास "हा तूंच का?" असें कोणीं विचारलें असतें, तर त्यास उत्तर देण्यास विलंब लागला नसता.

आणखी एक गोष्ट आम्हीं त्या दिवशीं शिकलों. चित्रें पाहतांना प्रथम वाटलें कीं डाग भलत्याच गालावर आला आहे. कारण जन्मभर आपण आपलें तोंड आरशांत पाहतों, आणि आरसा उजव्याचें डावें करतो. लोक आपणांस जसे पाहतात तसें आपलें मुख आपण छायाचित्राखेरीज कधींच पाहत नाहीं. आपला फोटो बहुतेकांस परका व अप्रिय वाटतो त्याचें हें एक कारण आहे. ज्या मुखाशीं जग रोज व्यवहार करतें त्याची ओळख ज्याची त्यास नसावी, हें थोडें चमत्कारिक आहे. आणि ती ओळख करून घेण्यास वेळ देणें म्हणजे गर्व करणें, असें आम्हांस वाटत नाहीं.

नेमाचें सामर्थ्य किती असतें याचें एक ठळक उदाहरण अमेरिकेंतील बॉस्टनचे छायाचित्रकार व अध्यापक कार्ल बेडन यांचें आहे. २३ फेब्रुवारी १९८७ या दिवसापासून त्यांनीं रोज आपल्या मुखाचें एक छायाचित्र काढण्याचा क्रम धरिला, आणि तो तीन तपांहून अधिक काळ चालविला. कॅमेरा, उजेड, पार्श्वभूमि व मुद्रा ही सर्व शक्य तों एकसारखीं ठेवावयाचीं, हा त्यांचा नियम. १९९१ सालीं एक दिवस मात्र चुकला. त्यांतील कोणत्याहि एका चित्रांत पाहण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. सर्व मिळून पाहिल्यावर मात्र काळ मनुष्यावर काय करतो तें दिसतें. सजावट करणाऱ्यास हें कधींच दिसावयाचें नाहीं, कारण त्याचें प्रत्येक चित्र एकट्यानें शोभावें म्हणून काढलेलें असतें.

दुसरें उदाहरण व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) या बाईंचें. शिकागो शहरीं दुसऱ्यांचीं मुलें सांभाळून त्यांनीं आयुष्य काढलें. सवड मिळेल तेव्हां गळ्यांतील कॅमेऱ्यानें त्यांनीं लाखाहून अधिक चित्रें टिपलीं, आणि त्यांत दुकानांच्या कांचा, आरसे व आपली सांवली यांच्या आधारें स्वतःचींहि कितीतरी काढिलीं. हीं चित्रें त्यांनीं जवळजवळ कोणासच दाखविलीं नाहींत. पुष्कळसे रोळ तर धुतलेहि नव्हते. २००७ सालीं त्यांचें सामान लिलावांत विकलें गेलें, तेव्हां तीं उजेडांत येऊं लागलीं. ज्या बाईस घरांतील मंडळी केवळ दाई म्हणून ओळखत होती, ती कांचेंत क्षणभर स्वतःस पाहून "मीहि येथें आहें" एवढें नोंदवीत होती. त्यास कोणाची पसंती नको होती.

कोणी विचारील, "नेमानें केलें तरी शेवटीं हें 'मी, मी'च नव्हे काय?" यास आमचें उत्तर असें कीं रोजनिशी लिहिणाऱ्यास आपण गर्विष्ठ म्हणत नाहीं, उलट शाळेंत मुलांस ती लिहिण्याचा उपदेश करतों. रोजनिशींत जो खरें लिहितो त्याचें कल्याण होतें, आणि जो दुसऱ्यानें वाचावी म्हणून लिहितो तो फसतो. हाच न्याय येथें लागू आहे. भेद साधनांत नसून हेतूंत व रीतींत आहे. शिवाय आमचा अनुभव असा कीं जो स्वतःच्या मुखाकडे न लपतां पाहावयास शिकला, तो दुसऱ्याच्या व्यंगाकडेहि टक लावून पाहत नाहीं, आणि तोंडहि फिरवीत नाहीं.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, सेल्फी सोडा असें आम्ही सांगत नाहीं. मित्रांबरोबर हौसेनें काढलेल्या चित्रांत आनंद आहे, तो घ्यावा. कडा, रूळ व समुद्र यांपासून मात्र दूर राहून घ्यावा. परंतु त्याबरोबर हा दुसरा प्रयोग एक वर्ष करून पाहावा. महिन्यांतील एक दिवस व एक वेळ ठरवा. मोबाइल पुस्तकांच्या चवडीस टेकून उभा करा, त्यांतील ठराविक सेकंदांनीं आपोआप टिपण्याची सोय वापरा, आणि खिडकीच्या उजेडांत बसा. एकच चित्र काढा. चेहरा गोरा व गुळगुळीत करण्याची जी युक्ति हल्लीं बहुतेक मोबाइलांत असते ती बंद करा. चित्राखालीं तारीख आणि त्या दिवसाविषयीं एक ओळ वहींत लिहा. आणि बारा चित्रें पुरीं होईपर्यंत तीं कोणासहि दाखवूं नका. यास खर्च कांहीं नाहीं. बारावें चित्र काढल्यावर सर्व एकत्र मांडून पाहा. त्यांत तुम्हांस काय दिसेल हें आम्ही सांगूं शकत नाहीं, कारण तें ज्याचें त्यासच दिसावयाचें आहे.

वडील मंडळींस, शिक्षकबंधुभगिनींस व या वार्षिकाच्या संपादकांस आमची एक विनंती आहे. दरवर्षीं या अंकांत वर्गांचे समूहफोटो छापले जातात, आणि छापण्यापूर्वीं ते 'स्वच्छ' करण्याची चाल सर्वत्र पडली आहे. कागदावरील डाग अवश्य पुसावेत. परंतु मुलाच्या चेहऱ्यावरील भाजल्याची खूण, मस किंवा कोड हीं त्या मुलास विचारल्यावांचून पुसूं नयेत. तो "पुसा" म्हणाला तर खुशाल पुसावीं. तो त्याचा अधिकार आहे. परंतु विचारावें. आमच्या वेळीं कोणीं विचारलें असतें तर आम्हीं काय उत्तर दिलें असतें, हें आज निश्चयानें सांगतां येत नाहीं. कदाचित् "पुसा" असेंच म्हटलें असतें. तरीहि तें उत्तर आमचें झालें असतें.

आज आम्ही वरच्या वर्गांस शिकवितों, आणि पहिल्या रविवारचा नेम अद्याप चालू आहे. आईनें उशाशीं ठेवलेला तो फोटो तिच्या पश्चात् आमच्याकडे आला. तो आम्हीं फाडला नाहीं. छत्तीस चित्रांच्या पाकिटांत, सर्वांच्या आधीं, तो ठेवून दिला आहे. कारण त्याच्यावांचून पुढचीं छत्तीस निघालींच नसतीं.